रात्रीचं मशीन

गेल्या वर्षी माझ्याकडे चोवीस पानांची एक पुस्तिका अनुवादासाठी आली. स्नायू हळूहळू दुबळे होत जाणारे जे आजार आहेत, त्यांच्या रुग्णांना घरी श्वासाचं यंत्र कसं लावायचं, मास्क कसा धुवायचा, रात्री यंत्र वाजायला लागलं तर आधी काय पाहायचं, असा मजकूर. सोपं काम, दोन दिवसांत होईल असं वाटलं होतं. पहिल्याच वाक्यावर अडले. मूळ मजकुरात यंत्र ‘वापरणारी’ माणसं होती. मराठीत माणूस व्हेंटिलेटर वापरत नाही; तो व्हेंटिलेटर‘वर’ असतो. आणि तो तिथे गेला की घरचे गावाकडे फोन लावायला घेतात.

वर्तमानपत्रांत तर हा शब्द माणसांइतकाच संस्थांना लागतो. एसटी व्हेंटिलेटरवर, साखर कारखाना व्हेंटिलेटरवर, मराठी शाळा व्हेंटिलेटरवर. पूर्वी अशा ठिकाणी ‘घरघर लागली’ म्हणत. मरणाऱ्याच्या घशातल्या आवाजाची जागा आपण यंत्राला देऊन टाकली.

मी राहते इरुंगाट्टुकोट्टैजवळ. चेन्नईहून बंगळूरकडे जाताना श्रीपेरुंबुदूरच्या थोडं अलीकडे हे गाव लागतं. गाव म्हणजे आता मुख्यतः सिपकॉटची औद्योगिक वसाहत. ह्युंदाईची पहिली सँट्रो १९९८ साली इथूनच बाहेर पडली आणि तिच्या मागोमाग सुट्या भागांचे कारखाने आले. अशाच एका कारखान्यातल्या नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही तळेगावहून इथे आलो. पुढे ह्युंदाईने जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना घ्यायचा करार २०२३ मध्ये केला, तेव्हा आमच्या सासरी मोठा विनोद झाला: तुम्ही तिकडे गेलात आणि ते इकडे आले.

आमच्या इमारतीत चिंचवडहून आलेलं आणखी एक कुटुंब आहे. त्यांच्या मुलाला डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. वय एकोणीस. बाराव्या वर्षापासून चाकाच्या खुर्चीत. दोन वर्षांपूर्वी तो सकाळी उठला की डोकं धरून बसायचा, दिवसा पेंगायचा, रात्री घाबरून जागा व्हायचा. एका मोठ्या रुग्णालयात आधी त्याला डोकेदुखीच्या गोळ्या दिल्या, मग रात्री ऑक्सिजन लावायला सांगितलं. तिसऱ्या डॉक्टरांनी रक्तातला कार्बन डायऑक्साइड मोजला आणि म्हणाल्या, याला रात्री व्हेंटिलेटर लागेल. “त्या शब्दानेच घात केला बघा,” वहिनी मला सांगत होत्या. “सासूबाई तिथेच रडायला लागल्या. ह्यांनी फाइल उचलली आणि आम्ही घरी आलो. आठ महिने परत गेलोच नाही.”

आठ महिन्यांनी न्यूमोनिया झाला, तेव्हा गेले. घरी जे यंत्र आलं ते साधारण जेवणाच्या डब्याएवढं आहे. नाकावर मास्क, एक नळी, रात्री आठ तास. डोकेदुखी आठवड्यात गेली. घरात त्याला ‘रात्रीचं मशीन’ म्हणतात. व्हेंटिलेटर हा शब्द आजींसमोर आजही काढत नाहीत.

हे आठ महिने माझ्या डोक्यातून जाईनात. एका शब्दाला एवढी भीती चिकटते ती कुठून? पुस्तिका बाजूला ठेवून मी या यंत्राचा इतिहास वाचत बसले. वाचताना लक्षात आलं की त्याचे रस्ते दोन आहेत, आणि आपल्याकडे त्यांतला एकच आला.

सुरुवात एकच. ऑक्टोबर १९२८ मध्ये बोस्टनच्या मुलांच्या रुग्णालयात पोलिओने श्वास अडलेल्या आठ वर्षांच्या मुलीला एका लोखंडी पिंपात ठेवलं, फक्त डोकं बाहेर. पिंपातली हवा खेचली की छाती फुगायची, सोडली की बसायची. फिलिप ड्रिंकर आणि लुई ॲगासी शॉ या हार्वर्डच्या दोघांनी ते बनवलं होतं. मुलीला काही क्षणांत उतार पडला, पण पुढे न्यूमोनियाने ती गेली. मराठीत ‘छातीचा भाता’ म्हणतात तो इथे अक्षरशः उलटा झाला होता: माणूसच भात्याच्या आत. यंत्र महाग होतं. १९३७ च्या सुमाराला ऑस्ट्रेलियात एडवर्ड बोथ यांनी तेच प्लायवूडच्या पेटीत बसवलं. ते पाहून मॉरिस मोटारींचे मालक लॉर्ड नफिल्ड यांनी ऑक्सफर्डजवळच्या काउली इथल्या आपल्या कारखान्यात अशा पेट्या करायला घेतल्या आणि ब्रिटिश साम्राज्यातल्या रुग्णालयांना फुकट वाटल्या. एकूण सतराशेच्या आसपास. मोटारीच्या गावात राहून हे वाचताना मजा वाटते: गाड्या जुळवणाऱ्या हातांनी सतराशे माणसांपुरता श्वासही जुळवला.

रस्ता फुटला तो १९५२ साली कोपनहेगनमध्ये. पोलिओची साथ भयंकर होती; ब्लेगडाम रुग्णालयाकडे लोखंडी फुप्फुस एक आणि छातीवर बसवायची कवचं सहा. पहिल्या तीन आठवड्यांत श्वास अडलेल्या ३१ जणांवर यंत्रांनी उपचार झाले, त्यांतले २७ गेले. विभागाचे प्रमुख लासेन यांनी ब्यर्न इबसेन या भूलतज्ज्ञाला बोलावलं. २७ ऑगस्टला इबसेननी बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेला छिद्र पाडून नळी घातली आणि रबरी पिशवी दाबत हवा आत ढकलली. शस्त्रक्रियेच्या टेबलावर भूलतज्ज्ञ रोज करत तेच. पण वॉर्डात, आणि तासन्‌तास. ती वाचली. मग हे सगळ्यांनाच करायचं ठरलं आणि पिशव्या दाबायला वैद्यकीय विद्यार्थी बोलावले. सुमारे १,५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून १,६५,००० तास पिशव्या दाबल्या. सगळ्यांत अवघड रुग्णांमधलं मृत्यूचं प्रमाण ऐंशीच्या वरून पंचवीस टक्क्यांच्या आसपास उतरलं. आजचा अतिदक्षता विभाग या वॉर्डातून जन्माला आला असं मानतात. नळी, हवेचा दाब, डोळ्यांत तेल घालून बसलेलं कुणीतरी.

दुसऱ्या रस्त्याची गोष्ट इतकी नाट्यमय नाही, म्हणून ती कमी सांगितली जाते. साथ ओसरली तरी काही जणांचा श्वास परत आलाच नाही. ते मरतही नव्हते. त्यांचं करायचं काय? कॅलिफोर्नियातल्या रांचो लोस अमिगोस या रुग्णालयात, लंडनमध्ये, फ्रान्समध्ये अशा माणसांनी आणि त्यांच्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं जगण्याच्या युक्त्या काढल्या: तोंडात धरायची नळी, झुलणारी खाट, दिवसा खुर्चीला बांधलेलं यंत्र. काहींनी हवा घशाने गिळून फुप्फुसात ढकलण्याची कला शोधली. क्लॅरेन्स डेल यांनी १९५१ मध्ये तिचं वर्णन केलं आणि तिला बेडकाचं नाव पडलं. बेडूक तसाच श्वास घेतो. पुस्तिकेत मी ‘बेडूक-श्वास’ लिहिलं. या एका शब्दावर मी खूश आहे.

रॉबिन कॅव्हेंडिश हा इंग्रज १९५८ मध्ये केनियात पोलिओने मानेखाली लुळा झाला. थोडे महिने जगेल असं सांगितलं होतं. बायकोने, डायनाने, डॉक्टरांचं न ऐकता त्याला यंत्रासकट घरी नेलं. ऑक्सफर्डच्या टेडी हॉल या मित्राने त्याला श्वासयंत्र बसवलेली चाकाची खुर्ची करून दिली. तो १९९४ पर्यंत जगला, प्रवास केला, इतरांसाठी अशा खुर्च्यांचे पैसे उभे केले. त्याच्यावर २०१७ मध्ये सिनेमाही आला. मला त्यात लक्षात राहिली ती एवढीच गोष्ट, की कुणालातरी पहिल्यांदा यंत्राचा प्लग रुग्णालयाच्या भिंतीतून काढून घरच्या भिंतीत लावावा लागला.

आता आपल्याकडे. भारतात पोलिओ काही कमी नव्हता. पण आपल्या पोलिओचा इतिहास पायांचा आहे. मुंबईत फातिमा इस्माईल यांनी १९४७ मध्ये अपंग मुलांसाठी संस्था काढली. स्वतःच्या मुलीच्या पोलिओसाठी त्यांनी त्याआधी मद्रासही गाठलं होतं. हाजी अलीचं मुलांचं अस्थिरोग रुग्णालय याच कामातून उभं राहिलं. कॅलिपर, कुबड्या, तीन चाकांची सायकल: आमच्या पिढीने शाळेत पोलिओ पाहिला तो असा. ज्या बाळांचा पोलिओ छातीपर्यंत चढला ती बाळं शाळेपर्यंत आलीच नाहीत. यंत्र घेऊन घरी गेलेली, म्हातारी झालेली, सरकारशी भांडणारी पोलिओग्रस्तांची पिढी पश्चिमेत होती. आपल्याकडे ती झालीच नाही. म्हणून दुसरा रस्ता आपल्याकडे वळलाच नाही, असं माझं मत आहे.

पहिला मात्र आला, आणि तो धनुर्वातावाटे आला. गंजका खिळा, शेण लावलेली नाळ, रस्त्यावरची जखम. मुंबईत जे. सी. पटेल आणि बी. सी. मेहता यांनी १९६३ साली धनुर्वाताच्या २,००७ रुग्णांचा अभ्यास छापला, यावरून त्या काळच्या वॉर्डांचा अंदाज यावा. जे. जे. रुग्णालयात डॉ. फारुख उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांना झटके थांबवणारी औषधं देऊन, यंत्राने श्वास देऊन वाचवायची पद्धत बसवली. मग मण्यारचा दंश: कोकणात, मराठवाड्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला कळतही नाही, पहाटे पापण्या उघडत नाहीत आणि मग श्वास थांबतो. कीटकनाशक प्यालेले शेतकरी. गिलां-बारे. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. यंत्र पाहुणा आहे. विष उतरेल, नसा परत येतील, आठ दिवस, वीस दिवस, दोन महिने. मग यंत्र निघेल, नाहीतर माणूस जाईल. तिसरा शेवट या रस्त्यावर नाही.

आणि यंत्रं पुरी पडत नव्हतीच. होल्गर हेसे आणि हेनिंग रुबेन यांनी १९५६ मध्ये डेन्मार्कमध्येच आपोआप फुगणारी पिशवी आणली, तिचं नाव अंबू. आपल्या सरकारी रुग्णालयांत अंबू दाबत बसलेला भाऊ किंवा बाप ज्याने पाहिला नसेल तो नशीबवान. कोपनहेगनच्या विद्यार्थ्यांनी काही महिने जे केलं ते आपल्याकडे नातेवाइकांनी कित्येक दशकं केलं. त्यांचे तास कुणी मोजले नाहीत. ज्या समाजाने श्वासाचं यंत्र म्हणजे हाताला पेटके येईपर्यंत पिशवी दाबणारा बाप असं पाहिलंय, त्याला त्या यंत्रासोबत कुणी बारावीचा अभ्यास करेल हे कसं सुचावं?

डुशेनच्या मुलांना दुसरा रस्ता वारशाने मिळाला, तोही उशिरा. गियोम डुशेनने १८६० च्या दशकात हा आजार नीट मांडला. पुढची शंभर-सव्वाशे वर्षं डॉक्टर आईबापांना सांगत आले की विशीच्या आत संपेल. पाय जातात, हात जातात, शेवटी श्वासपटल. झोपेत, विशेषतः स्वप्नांच्या झोपेत, सगळा भार एकट्या श्वासपटलावर असतो, म्हणून बिघाड आधी रात्री दिसतो. हवा आत कमी येते, त्याहून महत्त्वाचं म्हणजे बाहेर कमी जाते आणि कार्बन डायऑक्साइड साठतो. अशा माणसाला नुसता ऑक्सिजन लावला तर बोटावरचा आकडा छान दिसतो आणि विष साठतच राहतं. शेजारच्या मुलाचं तेच झालं होतं.

१९८१ मध्ये सिडनीत कॉलिन सलिव्हन यांनी घोरणाऱ्या, झोपेत श्वास अडणाऱ्या रुग्णांसाठी नाकावरून हवेचा दाब देणारा मास्क दाखवला. त्याच दशकात फ्रान्समध्ये प्वातिए इथे ईव्ह रिदो आणि त्यांचे सहकारी नाकावाटे यंत्राचा श्वास डुशेनच्या मुलांना देऊ लागले. गळ्याला छिद्र नाही, बोलणं शाबूत. गाडी सरळ चालली असं नाही. १९९४ च्या फ्रेंच चाचणीत ज्यांना अजून गरज नव्हती अशा मुलांना आगाऊ यंत्र लावून पाहिलं, तर त्यांच्यातच मृत्यू जास्त झाले. धडा असा की वेळ ओळखायची असते, आणि खोकल्याचं बळ गेलेल्या मुलाचा कफ काढायची सोय आधी लागते. पण २००२ मध्ये न्यूकॅसलच्या डॉक्टरांनी आपले जुने कागद काढून हिशेब केला: १९६० च्या दशकात तिथली ही मुलं सरासरी १४.४ व्या वर्षी जात, पंचविशी कुणी गाठत नसे. १९९० नंतर ज्यांना यंत्र मिळालं त्यांच्यातल्या ५३ टक्क्यांना पंचविशी गाठण्याची शक्यता होती. आजार तोच, औषध नाही. हवा ढकलणारी एक पेटी. मोटर न्यूरॉनच्या आजारात हिशेब इतका मोठा नाही: तिथल्याच २००६ च्या चाचणीत, गिळण्या-बोलण्याचे स्नायू बरे होते अशांना मास्कमुळे सरासरी २०५ दिवस जास्त मिळाले. सात महिने कमी की जास्त, हे ज्याचं त्याने ठरवावं.

मोटर न्यूरॉनचं नाव निघालं म्हणून सांगते, या आजाराच्या एका प्रकाराला वैद्यकात ‘मद्रास’ हेच नाव आहे. १९७० मध्ये मीनाक्षीसुंदरम, जगन्नाथन आणि बी. राममूर्ती यांनी त्याची नोंद केली: रुग्ण तरुण, हातपाय बारीक होतात, चेहरा आणि गिळणं दुबळं होतं, आणि बहिरेपण येतं, पण आजार फार सावकाश चालतो, दशकं चालतो. ज्या शहराच्या नावाने सावकाश चालणारा आजार जगात ओळखला जातो, तिथेही श्वासयंत्र घेऊन दशकं काढलेल्यांची आठवण मला कुठे लिहिलेली सापडली नाही.

सावकाश आजाराचा सगळ्यांना ठाऊक असलेला माणूस म्हणजे स्टीफन हॉकिंग. १९८५ मध्ये जिनिव्हात न्यूमोनिया झाला तेव्हा डॉक्टरांनी यंत्र बंद करायचं का असं बायकोला विचारलं होतं. ती नाही म्हणाली. गळ्याला छिद्र पडलं, आवाज गेला, आणि पुढे ते तेहेतीस वर्षं जगले. जानेवारी २००१ मध्ये ते मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या परिषदेला आले होते. आमच्या मराठी वर्तमानपत्रांनी त्यांच्या मेंदूवर रकानेच्या रकाने लिहिले. गळ्यातल्या नळीवर लिहिलेलं मला आठवत नाही.

आपल्याकडे या यंत्रावर चर्चा होते ती बंद करण्याची. अरुणा शानबाग प्रकरणातला २०११ चा निकाल, मग २०१८ चा इच्छामरणाचा, २०२३ मध्ये त्याचे नियम सोपे झाले. ही चर्चा हवीच. मीही घरी सांगून ठेवलंय. पण एक गंमत, गंमत कसली, बघा: मी ओळखीच्या चार जणांना विचारलं, तिघांना अरुणाताई बेचाळीस वर्षं व्हेंटिलेटरवर होत्या असं वाटत होतं. त्या आपल्या आपण श्वास घेत होत्या. केईएममध्ये यंत्र लागलं ते २०१५ मधल्या शेवटच्या न्यूमोनियात. बंद कधी करायचं यावर सर्वोच्च न्यायालय बोललं. चालू कधी करायचं, घरी कोण शिकवणार, पैसे कोण देणार, यावर कुणाला बोलावंसं वाटलं नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मस्क्युलर डिस्ट्रॉफीचं नाव आलं. २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या काही घरांनी स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफीच्या बाळांसाठी सोळा कोटींचं इंजेक्शन लोकवर्गणीतून आणलं. लोकांनी मनापासून पैसे दिले. पण दरमहा मास्क आणि नळ्यांसाठी कुणी वर्गणी काढत नाही. त्यात बातमी नाही.

२०२० मध्ये वाटलं होतं की आता बदलेल. मार्च महिन्यात महिंद्रच्या कांदिवली आणि इगतपुरीच्या लोकांनी अंबू पिशवी आपोआप दाबणाऱ्या यंत्राचा नमुना दोन दिवसांत केला. कोपनहेगनच्या विद्यार्थ्याचा हात आता इगतपुरीत लोखंडाचा झाला, एवढंच. एप्रिलमध्ये इथल्या ह्युंदाईनेही एअर लिक्विडच्या वैद्यकीय कंपनीबरोबर व्हेंटिलेटर वाढवायचा करार केला. काउलीनंतर ऐंशी वर्षांनी पुन्हा मोटारवाले श्वासाच्या कामाला. बायपॅप हा शब्द मराठी घरांत तेव्हाच शिरला. पण तो ज्या बातमीबरोबर शिरला ती बातमी बहुतेक वाईट होती. साथीने यंत्रं वाढवली आणि शब्द आणखी काळा केला.

इथे एक भीती मात्र खरी आहे: वीज. डिसेंबर २०१५ च्या पुरात आणि पुन्हा २०२३ च्या मिचाँग वादळात चेन्नईच्या कितीतरी भागांत दिवसचे दिवस दिवे नव्हते. आमच्या शेजाऱ्यांकडे आता दोन बॅटऱ्या, एक इन्व्हर्टर आणि मुलाच्या उशाशी एक अंबू पिशवी आहे. मिचाँगच्या दुसऱ्या रात्री त्याच्या वडिलांनी मोटारीच्या बॅटरीवर यंत्र चालवलं. माणूस कारखान्यात वायरिंगच बघतो. अशी कला सगळ्यांकडे नसते.

शब्दाचा प्रश्न तसाच राहिला होता. तमिळ व्याकरण स्वरांना ‘उयिर’ म्हणजे प्राण म्हणतं आणि व्यंजनांना ‘मेय्’ म्हणजे देह. आपल्या व्याकरणात अल्पप्राण आणि महाप्राण. भाषांनी श्वास इतका बारीक मोजलाय, आणि श्वास देणाऱ्या डब्याला नाव मात्र एकच, तेही मरणाचं. ‘कृत्रिम श्वसन यंत्र’ लिहून पाहिलं. बरोबर आहे, पण ते कुणाच्या घरात शिरणार नाही. चष्मा लागतो, कवळी लागते, तसं ‘रात्रीचं मशीन लागतं’ लिहिलं आणि पहिल्या पानावर एकदा कंसात व्हेंटिलेटर, म्हणजे डॉक्टर म्हणतील तेव्हा दचकायला नको.

मसुदा शेजारच्या मुलाला वाचायला दिला. तो आता दिवसाही थोडा वेळ तोंडातल्या नळीने श्वास घेतो, त्यामुळे त्याची वाक्यं तीन-चार शब्दांची असतात; मध्ये यंत्राची वाट पाहतो. त्याने एकच दुरुस्ती सुचवली. अलार्म वाजला तर काय करावं, या पानावर माझी पहिली सूचना होती: छाती हलते का ते पाहा. तो म्हणाला, “आधी त्याला विचारा... काय होतंय... तो सांगेल.”

ते मी बदललं. पुस्तिका दोन महिन्यांनी छापून आली. आतलं वाक्य त्याने सांगितलं तसंच होतं. मुखपृष्ठावर अतिदक्षता विभागातली खाट होती, घशात नळी घातलेला माणूस, डोळे मिटलेले, आणि मागे हिरव्या रेषांचा पडदा. वहिनींनी त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं आणि मशीनच्या पिशवीत ठेवून दिली.